यशोधराबाईंनी पाहिलेला पहिला शेवट

यशोधराबाईंना, म्हणजे हॉस्पिटलातल्या साळवे सिस्टरांना, आठवड्यातून एकच सुट्टी, बुधवारची. त्या एका दिवसात त्या नगर शहराचा असा काही समाचार घेत की शहरानंच दमून जावं. पांढरा सोडून जगातले सगळे रंग असलेली साडी नेसून त्या नर्सेस क्वार्टर्समधून निघत. कापड बाजारात पंचवीस साड्या उलगडायला लावत आणि "पदर जरा गरीब वाटतो" म्हणून उठत. मग उभ्यानं भेळ. मग पुन्हा बसून भेळ, कारण दोन्हींची चव वेगळी, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांचे वडील रखमाजी श्रीगोंद्याकडे साखर कारखान्यात होते, पण लेक उसाच्या रसाकडे ढुंकून बघायची नाही. घरचं ते घरचं, करमणूक बाहेरचीच हवी, असं तिचं म्हणणं.

उरलेले सहा दिवस बायकांच्या सर्जिकल वॉर्डात जात. खाटा चाळीस आणि नातेवाईक दीडशे. संध्याकाळी सहाला घंटा झाली की भेटीची वेळ संपे आणि हे दीडशे लोक बाहेर काढायचं काम सिस्टरांवर येई. त्यांची उंची पाच फुटांच्या आतच, पण त्या वेळचा आवाज ऐकून एकदा एका फौजदारानंही मुकाट्यानं चपला घातल्या होत्या.

आता खरं दुखणं सांगायचं तर यशोधराबाईंनी अकरा वर्षांत एकाही पिक्चरचा शेवट पाहिलेला नव्हता. पिक्चर दर बुधवारी बघत, नेमानं बघत. पण मंगळवारची रात्रपाळी डोळ्यांवर असे, आणि मध्यंतराचा समोसा पोटात गेला की मान खाली जाई. वॉर्डातल्या बायकांना त्या पिक्चरच्या गोष्टी सांगत, तेव्हा शेवट स्वतःच्या मनानं लावून देत. कुणाला कळत नव्हतं तोवर ठीक होतं. पण गेल्या आठवड्यात पित्ताशयाच्या खड्यांची एक बाई खाटेवर उठून बसली आणि भर वॉर्डात म्हणाली, "सिस्टर, ह्यो शेवट न्हाई. म्या पाह्यलाय."

चाळीस खाटा हसल्या. टाके असलेल्यासुद्धा हसल्या. यशोधराबाईंना ते इतकं लागलं की त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, बुधवारी नवा पिक्चर शेवटपर्यंत बघून येते आणि अक्षर न अक्षर खरं सांगते. नाही जमलं तर पुन्हा कधी गोष्ट सांगणार नाही. हे साल चौऱ्याण्णवचं. पिक्चर शुक्रवारी उतरणार होता, म्हणजे बुधवार हा एकच डाव.

म्हणून त्यांनी वॉर्डातल्या आया लंकाबाईंना बरोबर घेतलं. लंकाबाईंवर काम एकच, डोळा मिटला की चिमटा काढायचा.

"जोरात काढायचा का बेतानं?" लंकाबाईंनी विचारलं.

"सुई टोचतात तसा. पेशंटला विचारत बसायचं नाही."

तीनचा शो, बाल्कनीची तिकिटं. मध्यंतरापर्यंत लंकाबाईंनी चोख काम केलं, दंडावर पाच-सहा लाल डाग उमटले. मध्यंतरानंतर मात्र पडद्यावर नायकाला पोलीस पकडून नेऊ लागले, त्याची आई अनवाणी मागे धावू लागली, आणि लंकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला तो लावलाच. चिमटा राहिला बाजूला. यशोधराबाई गाढ झोपल्या.

आणि सहाला थोडा वेळ असताना पडद्यावरच्या आईनं देवळातली घंटा बडवायला सुरुवात केली.

यशोधराबाई उभ्या राहिल्या. डोळे धड उघडलेही नव्हते. "चला, सहा वाजले," त्या गरजल्या. "नातेवाईक बाहेर. डबे उचला. पेशंटला आराम करू द्या."

सगळ्यांत आधी उठली ती पारनेरची एक बाई, जिचं अपेंडिक्स याच सिस्टरांच्या वॉर्डात निघालं होतं. तिनं सवयीनं पिशवी उचलली. ती उठली म्हणून शेजारची उठली, रांग उठली म्हणून मागची रांग उठली. काय झालंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण एवढ्या खात्रीनं बोलणाऱ्या बाईला उलट विचारायचं कसं? लंकाबाईसुद्धा डोळे पुसून कामाला लागल्या. "व्हा पुढं, मावशे. खुर्चीखाली काय दडतीस? उद्या या भेटायला." दारावरचा छगन बॅटरी घेऊन धावत आला, तर त्याचाही हात धरून लंकाबाई त्याला जिन्यात घेऊन गेल्या. शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर यशोधराबाईंनी दार लावलं, कडी घातली, पेशंटकडे वळल्या आणि तेव्हा कुठे त्यांना जाग आली.

खाटा नव्हत्या. शंभरेक रिकाम्या खुर्च्या होत्या, आणि समोर भिंतीएवढा नायक आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता.

लाज वाटायला हवी होती. पण शेवट सुरू होता, लाज नंतरही वाटली असती. त्या पुढच्या रांगेत मधोमध बसल्या. नायकाला चार गोळ्या लागलेल्या. कुणी नाडी बघेना, कुणी सलाईन लावेना, आई नुसता अंगारा लावत होती. यशोधराबाईंचा जीव वरखाली झाला. अशा केसमध्ये काय होतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत? आणि तो नायक डोळे उघडून "आई, भूक लागली" म्हणाला. यशोधराबाई एकट्या हमसून हमसून रडल्या आणि एकट्याच टाळ्या वाजवत उठल्या.

त्यांनी कडी काढली. जिन्यात सगळी बाल्कनी उभी होती. लंकाबाई दोन्ही हात आडवे लावून पहारा देत होत्या, त्यांनी एकाही माणसाला वर येऊ दिलं नव्हतं. आता चिडून अंगावर येतील, म्हणून यशोधराबाईंनी पदर सावरला. पण पारनेरच्या बाईनं घाबऱ्या आवाजात विचारलं, "सिस्टर, कसा हाय त्यो?"

अकरा वर्षं यशोधराबाई दार उघडून अशाच चेहऱ्यांसमोर उभ्या राहत होत्या. खूप वेळा त्यांना आतलं माहीत असे, आणि तरी "डॉक्टर सांगतील" एवढंच म्हणून त्यांना खाली बघावं लागे. आज मधे डॉक्टर नव्हता.

"वाचला," त्या म्हणाल्या. "शुद्धीवर आलाय. जेवायला मागतोय."

बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. छगननं बॅटरी काखेत धरून हात जोडले. एक म्हातारी पायऱ्या चढून वर आली, यशोधराबाईंच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडत म्हणाली, "बाई, लई यश हाय तुज्या हाताला."

यशोधराबाईंनी ते श्रेय खुशाल घेतलं.