तीन पाट्यांची मिल

माझे वडील नागभीडजवळच्या एका धानाच्या मिलमध्ये जन्मभर पोती वाहत राहिले. अंग थकलं तेव्हा शेठजींनी त्यांच्या हातात एक नवं धोतर ठेवलं आणि घरी पाठवलं. पुढे मी त्याच मिलमध्ये वजनकाट्यावर लागलो, तेव्हाच ठरवलं की आपण धोतरावर जायचं नाही, आपल्याला पीएफ पाहिजे.

पण पीएफचा कायदा लागायला एका धंद्यात वीस माणसं लागतात. म्हणून शेठजींनी एकाच शेडवर तीन पाट्या ठोकल्या होत्या: तांदूळ मिल, पोहा मिल, कोंडा मिल. इंजिन एक, फाटक एक, शिव्या देणारं तोंडही एकच. कागदावर मात्र तीन धंदे, आणि एकातही वीस माणसं नाहीत.

मी नागपूरला अर्जावर अर्ज केले. अखेर नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात पीएफचे साहेब तपासायला आले. शेठजींनी निम्मी माणसं मागच्या दारानं पिटाळली, आणि तीही निमूट गेली! ज्यांच्यासाठी मी नोकरी पणाला लावली, तेच असे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेब तिन्ही हजेरीपट चाळून उठले. तेवढ्यात पिटाळलेली सगळी मंडळी, धान पाखडणाऱ्या बायांसकट, हार-नारळ घेऊन पुढच्या फाटकातून आत आली. आमच्या झाडीपट्टीत मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, नाटक असतं आणि नाटकाला उद्घाटक लागतो. गावात साहेब आला की त्याला आमंत्रण द्यायचंच. शेठजींनी लपायला सांगितलं होतं, आमंत्रण देऊ नका असं कुठं सांगितलं होतं?

"नाटकाचं मंडळ कुठलं?" साहेबांनी विचारलं.

"या मिलचंच जी. आमी सारे इथलेच."

"तांदूळ मिलचे की पोहा मिलचे?"

"मिल एकच हाय जी. पाट्या तीन हायेत."

साहेब पुन्हा खुर्चीत बसले आणि माणसं मोजू लागले.

यथावकाश मिलला कायदा लागला. हुकूम आला त्या दिवशी सगळ्यांनी मला घेरलं. वाटलं, आता तरी फंडाचं विचारतील.

"सायेब उद्घाटनाले येते का नाई?"

मी कपाळावर हात मारला.

घरी आल्यावर वडिलांना नीट समजावून सांगितलं. दर महिन्याला थोडं आपलं, थोडं शेठचं जमा होणार, म्हातारपणी कामाला येणार. त्यांनी खाटेवर बसून सगळं ऐकून घेतलं.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "मंग माह्यं बी जमा झालं असन नं?"