विहिरीवरचा दगड आणि आमचा ओटा

आमच्या स्वयंपाकघराचा ओटा मी चोरून आणला होता. हे आता उघड सांगायला हरकत नाही, कारण धसईच्या बाजारात जिला हे माहीत नाही अशी एक भाजीवालीही उरलेली नाही.

चोरी करायचा माझा इरादा नव्हता. मी मुरबाडच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मालात खोट काढतोय. त्यामुळे जुना ओटा फोडल्यावर सुनंदा, म्हणजे माझी बायको, सरळ म्हणाली, "मुरबाडला जाऊ, काळा ग्रॅनाइट घेऊ, बसवून टाकू," तेव्हा मला ते फारच बेजबाबदार वाटलं. ओटा काय माणूस रोज करतो? तो टिकायला नको? मी दुकानातून तीन तुकडे नमुन्याला आणले आणि चाचण्या सुरू केल्या.

पांढऱ्या मार्बलवर हळद आणि लिंबू चोळून ठेवलं. सकाळी मार्बलला कावीळ! बाद. कडाप्प्यावर वरवंटा टाकला. कोपरा उडाला. (दोघांचाही. वरवंटा सुनंदाच्या माहेरचा होता.) बाद. मग ग्रॅनाइटवर हळद, लिंबू, तापलेली कढई, उरलेला वरवंटा, सगळं करून पाहिलं. त्याला काहीही झालं नाही.

"झाला ना पास? आता तरी आणा," सुनंदा म्हणाली.

"हाच तर संशय हाय. इतका बिनखोटीचा माल असतो का कुठं?"

"तुमाला पसंत करताना मी एवढं बघितलं असतं तर!"

या सगळ्या काळात ती जमिनीवर बसून स्वयंपाक करत होती. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. उठताना ती आधी भिंत धरते, मग कपाट, मग माझं नाव घेऊन देवाला जाब विचारते. खाली बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते ऐकायला तिच्याबरोबर मीच गेलो होतो, त्यामुळे मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. दोन महिने! एका ओट्यासाठी!

आणि एका रविवारी मला विहिरीवर तो दगड दिसला. काळाकुळकुळीत, साडेचार फूट लांब, चार बोटं जाड. गावातल्या बायांनी साठ-सत्तर वर्षं त्याच्यावर गोधड्या आपटल्या, पण एक टवका उडालेला नव्हता. यापेक्षा मोठी चाचणी कुठला दुकानदार करून देणार?

मी काम रीतसर केलं. सलग चार रविवार विहिरीवर पाहणी केली. एकही बाई धुवायला आली नाही; गावात आता घरोघर नळ आहेत. सरपंचांना विचारलं, पोलीस पाटलांना विचारलं, माझ्या थोरल्या भावाला विचारलं.

"त्या दगडावर आता कोण धुतंय रे? घरोघर मशीन आल्यात," तिघेही म्हणाले.

(गावात मशिनं चार आहेत. या तिघांकडे एकेक आणि चौथं माझ्याकडे. या तिघांपैकी एकानंही जन्मात स्वतःचा टॉवेल धुतलेला नाही, हे मात्र मी तपासलं नाही.)

सात माणसं आणि एक ट्रॅक्टर लावून दगड घरी आणला. कापायला गेलेल्या मिस्त्रीची दोन पाती संपली, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, दगड बसंल तसा बसू दे, आपण भिंत मागं घेऊ." भिंत मागे घेतली!

पहिल्याच दिवशी कळलं, धुण्याच्या दगडाला उतार असतो.

"उलट चांगलं," मी म्हणालो. "पाणी आपोआप सिंककडं जाईल."

"पाण्याच्या मागं भातपण जाईल," सुनंदा म्हणाली. भात गेला. त्यामागून कांदे गेले. तांदळाची भाकरी मळायला घेतली की परात चालायला लागायची. सुनंदा एका हातानं मळायची, दुसऱ्या हातानं परात धरायची आणि पोटानं पोळपाट अडवायची. "निदान उभी तरी राहतेस ना?" असं मी एकदा म्हणालो. त्या दिवशी मला जेवण उशिरा मिळालं.

मे महिना संपत आला आणि एका सकाळी अंगणात सात-आठ बाया धुण्याची गाठोडी घेऊन उभ्या राहिल्या. गावाबाहेरच्या वाडीवरच्या. पुढे ठमाबाई.

तेव्हा कुठं मला आठवलं. वाडीची माणसं दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. हे मी लहानपणापासून दरसाल बघतोय. आणि माझ्या पाहणीचे चारही रविवार एप्रिलमधले होते!

"भाऊ, आमचा दगड तुमच्याकडं हाय म्हंत्यात," ठमाबाई म्हणाली.

"तो... जरा... टिकाऊ होता म्हणून..."

"टिकाऊ हाय ते आमाला म्हाईत हाय. आमीच टिकवलाय."

मी म्हणालो, "बसा ना, चहा..." ते वाक्य अंगणातच राहिलं. ज्या बायांना आमच्या घरानं आजवर पाणीसुद्धा ओसरीबाहेर दिलं, त्यांना सुनंदा दारात येऊन म्हणाली, "या गो आत. दगड तुमचा, मग धुणं बी त्याच्यावरच करा. बादल्या देते."

आणि त्यांनी केलं! आमच्या स्वयंपाकघरात! भट्टीची लाल माती सहा महिन्यांची, गोधड्या, लुगडी, पोरांचे शर्ट. धप्-धप्-धप्! भिंतीवरचे डबे नाचायला लागले. साबणाचा फेस सिंकमधून निघाला आणि उंबरा ओलांडून अंगणात गेला. उतार उत्तम काम करत होता.

"वैनी, हितं बरं हाय गो. डोक्यावर पंखा हाय," एकजण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी बायांच्या रांगेत माझी सख्खी वहिनी! "लाइट नाय सकाळपासून. मशीन काय डोक्यात घालू?" असं म्हणून तिनं माझ्या थोरल्या भावाचा लेंगा आपटायला घेतला.

शेवटी मी हात जोडले. दगड परत न्यायचा ठरवला. ज्या सात जणांनी तो आणला होता, त्यांच्यापैकी तिघांची पाठ धरली होती आणि चौघांना त्यांच्या बायकांनी ताकीद दिली होती. शेवटी बायांनीच दोन बांबू घातले, "हां गो, उचला!" म्हणाल्या आणि अर्ध्या तासात दगड विहिरीवर. आम्हाला अख्खी दुपार लागली होती. (शिवाय ट्रॅक्टर.)

त्याच आठवड्यात सुनंदा एकटी एसटीनं मुरबाडला गेली आणि पाच मिनिटांत काळा ग्रॅनाइट पसंत करून आली. ओटा आता सपाट आहे. ती उभी राहून दोन्ही हातांनी भाकरी थापते आणि गुडघ्यांबद्दल देवाकडे तक्रार करत नाही. पण माझा अपराध एवढ्यावर फिटला असं तिला वाटलं नाही. बायांची सभा झाली आणि दिवाळीपर्यंत दर रविवारी आमच्या घरचं धुणं मी विहिरीवर धुवायचं ठरलं.

पहिल्या रविवारी दोन चादरी झाल्या आणि कंबर धरली. मी दगडावर हात टेकून जरा दम खात उभा राहिलो. मागे गाठोडं घेऊन ठमाबाई.

"भाऊ, आटपा लवकर," ती म्हणाली. "दगड काय तुमच्या घरचा नाय."