कोंबड्यांचं औषध

चाळीसगावच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. म्हणून वहिनी धुळ्याच्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होती तेव्हा डॉक्टरांशी बोलायला भावाने मलाच पुढे केलं. ऑपरेशननंतर तिच्या फुप्फुसात जंतू शिरले होते आणि कुठलंच औषध लागू पडत नव्हतं.

"आता कोलिस्टिन तेवढं उरलंय," डॉक्टर म्हणाले. "पण ते किडनीवर जातं."

भावाचं साक्रीजवळ पोल्ट्रीचं शेड आहे. औषधाचं नाव ऐकून तो दचकला. "हाई तं कोंबड्यास्नं औषध शे! पिल्लास्ना पाणीमा रोज टाकस मी."

डॉक्टर कडवट हसले. "तुम्ही एकटेच नाही. सगळेच टाकतात, म्हणून उद्या हेही लागू पडेनासं होईल."

बाहेर बाकावर भावाला मी समजावलं. मातीतला एक जंतू शेजारच्या जंतूंना मारायला हे रसायन तयार करतो. अमिनो आम्लांचं एक कडं, त्याला चरबीची शेपटी. कड्यावर धन भार, दुसऱ्या जंतूच्या आवरणावर ऋण. कडं तिथे चिकटतं, शेपटी आत घुसते, आवरण फाटतं. तोंडाने दिलं तर ते रक्तात जवळजवळ उतरतच नाही, म्हणून वहिनीला शिरेतून द्यायचं. कोंबडीच्या पोटातून मात्र ते विष्ठेत जातं, खतातून शेतात. थोडं थोडं सोसत जंतू त्याला सरावतात.

तो एकदम चिडला.

"मंग हाई माले कोनी काबर सांगं नही? औषध इकनारा म्हने, वजन भरस!"

मला कळायचं, पण मला कोण विचारत होतं?

जंतू मेले. वहिनी शुद्धीवर आली, माझ्याकडे बघून हसलीही. पण लघवी कमी होत होत थांबली. मग साक्रीहून धुळ्याला डायलिसिसच्या खेपा सुरू झाल्या. पाणी मोजून द्यायचं होतं; ती कपभर पाण्यासाठी भावाशी भांडायची. आखाजीच्या सणाला माहेरी जायचा हट्ट धरला, पण पाय इतके सुजले होते की चप्पल चढेना. त्याच उन्हाळ्यात ती गेली.

पुढे सरकारने कोंबड्यांसाठी त्या औषधावर बंदी घातली. पेपर घेऊन मी साक्रीला गेलो. भावाने बातमी आधीच वाचली होती.

"आते बंदी?" एवढंच तो म्हणाला, आणि खाद्याची पाटी उचलून शेडकडे निघून गेला.