शालू नेसून मदत मागायला

गरीब विद्यार्थी निधीच्या मुलाखतीला मी आईचा लग्नातला शालू नेसून गेले होते. हसा, खुशाल हसा. मीही हसतेच.

सत्तरच्या दशकातलं चंदीगड. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर आलेले. छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं, शिल्लक रजा संपली आणि बिनपगारी सुरू झाली. आईच्या बांगड्या औषधात गेल्या. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. महिनाअखेर फी भरली नाही तर नाव कापू, असं कॉलेजच्या बाबूंनी सांगून टाकलेलं. नातेवाईक सगळे साताऱ्याकडे. पत्राला उत्तर यायला पंधरा दिवस, आणि उत्तरात नुसते आशीर्वाद. उरला हा निधी.

"मागायला जायचं तर नीट नेसून जावं," आई म्हणाली. "घरंदाज दिसलीस तर लोक दोन शब्द ऐकून तरी घेतात."

"पण शालू, आई?"

"मग काय नेसशील? बाकीच्या साड्यांची पोतेरी झालीत."

ते खरंच होतं. वडील पडल्या पडल्या म्हणाले, "आणि तिथं आपलं रडगाणं गाऊ नकोस."

त्या वेळची मी म्हणजे एक नंबरची आज्ञाधारक गाढवीण. दोन्ही सल्ले पाळले. पदर चाकात जाऊ नये म्हणून कमरेला खोचला आणि भर उन्हात जरीच्या शालूत सायकल हाणत निघाले. चौकाचौकात लोक वळून बघत होते, आणि या बाईसाहेबांना वाटत होतं, आपण छान दिसतोय.

कॉलेजात बाकावर पाच-सहा मुली बसल्या होत्या. शेजारच्या सरदारणीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नी, शादी किसकी है?"

"मैं भी मदद के लिए आई हूँ जी."

ती आधी खदखदून हसली. मग तिला माझी दया आली असावी. स्वतःची विटकी ओढणी काढून म्हणाली, "ये ले, ऊपर से ओढ़ ले. और अंदर जाके थोड़ा रो देना यार, पक्का मिलेगा."

मी मान ताठ केली. "नहीं जी, हमारे में ऐसा नहीं करते."

हमारे में! घरी दूध बंद झालेलं, आणि तोरा बघा पोरीचा.

आत तीन प्राध्यापक होते. मधल्या बाईंनी अर्ज पाहिला, शालूची जर पाहिली, पुन्हा अर्ज पाहिला.

"घर में कोई तकलीफ़ है, बेटी?"

सांगायला काय कमी होतं? वडिलांचा खोकला, चार महिन्यांत न आलेला पगार, सगळं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

"नहीं जी, सब ठीक है."

बाई खरंच भल्या होत्या. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "सोच के बताओ."

"भगवान की कृपा है जी."

मग त्यांनी तरी काय करावं?

यादी लागली. सरदारणीचं नाव होतं, माझं नव्हतं. महिना संपला आणि हजेरीपटातल्या माझ्या नावावर रेघ आली. ते बी.एस्सी. तिथेच राहिलं, कायमचं. तरी चार दिवस मी वह्या घेऊन सायकलवर बाहेर पडत होते आणि एका बागेत दुपारपर्यंत बसून परत येत होते. घरी सांगायचं कसं, तेच कळेना. पाचव्या दिवशी सांगितलं.

वडिलांनी भिंतीकडे तोंड केलं. आई शालू जुन्या धोतरात गुंडाळत होती. मध्ये दोन डांबराच्या गोळ्या ठेवल्या, घडी दाबली आणि म्हणाली, "तरी मी म्हणत होते, त्या खोट्या मोत्यांच्या कुड्या तरी घाल. कान ओकेबोके दिसले असतील."



"हो गं आई," म्हटलं, "कुड्याच राहिल्या."