सोपानरावांचा आगाऊ सत्कार

वडगाव रासाईच्या सोपानरावांना सत्काराचा भारी सोस. अंगावर शाल पडली की रणरणत्या उन्हातही घरी पोचेपर्यंत काढायचे नाहीत. सोसायटीची निवडणूक ते दोनदा लढले, दोनदा पडले. पण विजयाच्या अभिनंदनाचा फ्लेक्स दोन्ही वेळा मतमोजणीच्या आदल्या दिवशीच लागला होता.

त्यांचा मुलगा ज्ञानेश रांजणगावची कंपनी सोडून अमेरिकेला गेला, त्याला सहा वर्षं झाली. नात अन्वी तिकडेच जन्मली, चार वर्षांची झाली. आजी-आजोबांनी तिला पाहिली ती व्हिडिओ कॉलवरच. ज्ञानेशला येता येत नव्हतं. तिकडचे नियम सारखे बदलत. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत घेतील का, याची खात्री त्याला कुणी देईना. शेवटी आई-वडिलांनीच सहा महिने यावं, असं ठरलं.

"आण्णा, आता व्हिसा देताना फेसबुकबी बघत्यात," तो फोनवर म्हणाला. "खातं सगळ्यांना दिसू द्या, पर नवीन काय टाकू नका. तुमी माघारी येनार, एवढंच त्यान्ला पटलं पायजे."

सोपानरावांच्या डोक्यात पहिलं वाक्य तेवढं शिरलं. अमेरिकेचं सरकार आपलं फेसबुक बघणार म्हटल्यावर त्यांना दोन बोटं स्वर्ग उरला. त्यांनी शिरूरहून वीस फुटी फ्लेक्स छापून आणला आणि मारुतीच्या पारावर स्वतःचा निरोप समारंभ घडवून आणला. फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'सोपानराव सहकुटुंब कायमचे अमेरिकावासी होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' सहा महिन्यांसाठी कोण कुणाला फेटा बांधतो? त्रेपन्न फोटो त्यांनी फेसबुकवर चढवले.

"अवो, आजून व्हिसाचा कागद न्हाई हातात," त्यांच्या पत्नी धुरपदाबाई म्हणाल्या.

"तू गप. तुला काय कळतंय त्यातलं?"

मुंबईला अमेरिकेच्या वकिलातीत खिडकीपलीकडच्या साहेबाने मराठी बोलणाऱ्या बाईकरवी विचारलं, "किती दिवस राहणार?"

"सहाच म्हैने."

साहेबाने समोरच्या कॉम्प्युटरवर पाहिलं, मग सोपानरावांकडे. मग त्यांच्या गावातल्या सत्काराबद्दल विचारलं. अमेरिकेनेही दखल घेतली म्हणून सोपानराव खुलले आणि सगळं रंगवून सांगत सुटले. त्यांचा व्हिसा तिथंच नाकारला गेला. धुरपदाबाईंकडे फेसबुक नाही, साधा फोनही नाही. शिवाय नवरा मागे राहतोय, म्हणजे बाई परत येणारच, असा विचार करून साहेबाने त्यांना मात्र व्हिसा दिला.

"म्हंजी नवरा हितं हाय म्हणून मी माघारी यीन, आसं वाटलं व्हय त्याला?" बाहेर आल्यावर धुरपदाबाई म्हणाल्या. "भोळा हाय बिचारा."

गावात सोपानरावांनी सांगितलं, "मीच म्हणलं, तू हो म्होरं." लोकांनी माना डोलावल्या आणि पाठ फिरवून पोटभर हसून घेतलं.

दौंडच्या पलीकडे कधी एकटी न गेलेली बाई विमानात बसून गेली. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. अन्वी आजीच्या मांडीवर बसून तिच्या हातावरचं गोंदण बोटाने घासून बघत होती. सोपानरावांना वाटलं, आपणही असा हात पुढं करावा. फार वाटलं.

"आजोबांशी बोल की," ज्ञानेश म्हणाला.

पोरीने आजीचा गाल दाबून पाहिला, मग फोनकडे बघितलं. "आजी खरी आहे," ती म्हणाली. "आजोबा फोनमध्येच राहतात का?"

सोपानरावांनी फोन तोंडाजवळ आणला.

"व्हय गं बाय," ते म्हणाले, "फोनातच."