सावड आणि सातवं प्रकरण

वाचन मंडळ काढलं की पुस्तकं कमी संपतात, किस्सेच जास्त साठतात. आमच्या वडनेरच्या मंडळात तर एकच पुस्तक होतं, आणि तेही सातव्या प्रकरणापुढे गेलं नाही.

परदेशात शिकून मी गावी परतले ती हे पुस्तक उराशी धरूनच. एकमेकांच्या जिवावर उठलेली गावं पुन्हा एका पंगतीत कशी बसली, याच्या त्यात खऱ्या हकिगती. दर रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात मी एकेक प्रकरण मराठीत सांगायची. ते वाचून मी रडले होते. गावानंही रडावं, अशी माझी फार इच्छा होती!

*

पहिल्याच रविवारी मी जोरात म्हणाले, "भांडण नाही म्हणजे शांतता आहे, असं नसतं!"

पिठाची चक्की चालवणाऱ्या कमलकाकूंनी विचारलं, "म्हंजे भांडण मिटल्यावरही काम उरतेच का वं? मंग मिटवाचं काऊन?"

*

पुस्तकात एक प्रयोग होता. ज्याच्यावर राग आहे, त्याच्यासमोर एक मिनिट मुकाट बसायचं.

किराणा दुकानवाले भाऊराव हसून म्हणाले, "माह्यावर कोणाचाच राग नाई बाप्पा."

वाक्य संपायच्या आत चौघंजण त्यांच्यासमोर येऊन बसले. त्यात त्यांची बायकोही होती. ती म्हणाली, "मले एक मिनिट पुरत नाई!"

*

दुसरा प्रयोग असा, की एक वस्तू फिरवायची आणि ती ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. कमलकाकूंनी घरून लाटणं आणलं. अर्धा तास झाला तरी ते त्यांच्याच हातात!

"काकू, पुढे द्या ना."

"थांब व पोरी. हे हातात असलं की मले घरीही कोणी मधात टोकत नाई!"

*

मंडळात दादाराव आणि वसंतराव हे सख्खे भाऊ यायचे आणि दोन टोकांना बसायचे. दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. पण दोघांकडे बैल एकेकच. म्हणून सावड होती. दोन बैलांची जोडी करायची, एक दिवस याच्या वावरात, एक दिवस त्याच्या.

न बोलता हे जमायचं कसं? दादाराव धुऱ्याजवळ उभे राहून आपल्याच बैलाला ओरडून सांगायचे, "सोन्या, उद्या आपल्याकडं डवरा धराचा हाय बरं!" पलीकडे वसंतराव मान वर करायचे नाहीत. पण सकाळी कोळपणीसाठी त्यांचा बैल दादारावांच्या दारात बांधलेला असायचा.

सगळं गाव यावर हसायचं. मला मात्र ही खोटी शांतता वाटली. सातव्या प्रकरणात स्पष्टच लिहिलं होतं, मौन तोडल्याशिवाय जखम भरत नाही.

*

मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि लाटणं वसंतरावांच्या हाती दिलं. "मनात असेल ते सगळं बोला."

वसंतरावांनी लाटणं मांडीवर आडवं ठेवलं. मग म्हणाले, "माय गेली तवा तू जाम गावाले होता. अर्ध्या तासाची वाट. तिनं तीन दिवस तुहं नाव घेतलं. तू आला नाई."

दादारावांनी लाटण्याची वाट पाहिली नाही. "मले सांगितलं कोणी? तूच म्हनला होता, माय माह्याकडं हाय, तू पाय ठेवजो नको!"

दोघंही रडले. सगळा सभामंडप रडला. मी तर घरी जाऊन माझ्या प्राध्यापिकेला लांबलचक मेल लिहिला. यश आलं म्हणून!

निघताना कमलकाकू लाटणं पदराला पुसत एवढंच म्हणाल्या, "पोरी, या दोघायचं भांडन धुऱ्याचं होतं. धुरा मोजता येते."

*

त्या आठवड्यात धुऱ्यावरून हाक आली नाही. पुढच्या बाजारात दादारावांनी सोन्याला विकलं. डवरणीला वसंतरावांचा बैल एकटाच गोठ्यात. मंडळात दोघांचंही येणं बंद झालं.

मी दादारावांच्या घरी माफी मागायला गेले. त्यांनी चहा पाजला. वर माझीच समजूत काढली. "तुमचं पुस्तक चांगलं हाय ताई. आमीच जरा जास्त खरं बोललो."

त्यानंतर मी ते पुस्तक उघडलेलं नाही.

*

परवा सकाळी दादारावांच्या वावरावरून जात होते. वसंतरावांचा बैल दावं तोडून तिथं आला होता. जुवाच्या डाव्या अंगाला उभं राहायची त्याची सवय. उजवीकडे एका बैलाची जागा सोडून तो तसाच उभा होता. दादाराव त्याला कुटार चारत होते.

तेवढ्यात वसंतराव दोर घेऊन धुऱ्यापर्यंत आले आणि तिथंच थांबले.

दादारावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि धुऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जाय रे बावा, आपल्या घरी जाय. आता आमचं बोलनं झालं हाय."