ड्रायव्हरीण झोपली व्हती

कारखान्याच्या गेटवर शेठनं माझ्या तोंडावर पाण्याची बाटली उपडी केली. भर दुपार. गाडी बंद व्हती, शिफ्ट सुटायची व्हती. मी स्टेअरिंगवर डोकं टेकून झोपलेले.

"रात्री कुणाबरोबर जागतीस गं?"

बाकीचे ड्रायव्हर खदाखदा हसले. ओढणी छातीला चिकटलेली. मी पण हसले. त्या हसण्याची मला आजून चीड येते.

मी कान्हे गावची. शेठची व्हॅन चालवायचे, तळेगावच्या कारखान्यात कामाच्या बायांना न्यायचं-आणायचं. ते कंत्राट शेठचं. रात्रभर झोपूनबी दिवसा डोळे मिटायचे. लायसन नव्यानं करायचं आलं, तवा शेठनं त्याच्या ओळखीच्या डॉक्टरकडं धाडलं. त्यानं नुसते डोळे बघितले, तब्येत ठीक असल्याच्या दाखल्यावर सही ठोकली.

"डॉक्टर, मला बसल्या जागी झोप लागते."

"ते नियमात विचारलेलं नाही. चला, पुढचा."

मग एकदा वडगावच्या पुढं डोळा लागला. मागून शारदामावशीनं किंकाळी फोडली, तवा गाडी दुभाजकाला घासत चाललेली. गाडीभर बाया. कुणाला लागलं न्हाई.

मी पुण्याला सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अंगाला वायरी लावून झोपवलं. झोपेत माझा श्वास अडतो, म्हणून रात्रीची झोप पुरी व्हत न्हाई. आजार हाय. नाकात हवा सोडणाऱ्या मशीनचा मास्क लावून झोपायचं, आणि त्या सांगतील तवर गाडीला हात लावायचा न्हाई.

शेठला सांगितलं. तो म्हणाला, "लायसन हाय ना? गप चालव. तुला बाईमाणसाला दुसरा कोण गाडी देतोय?"

चाव्या त्याच्या टेबलावर फेकल्या. तडक गेटवर गेले. शिफ्ट सुटल्यावर बायांना सगळं सांगितलं. माझा आजार, डॉक्टरची सही, शेठचं बोलणं. तेवढ्यात शेठनं धाडलेला दुसरा ड्रायव्हर व्हॅन घेऊन आला.

मावशीनं त्याला विचारलं, "तुला तपासलंय का रं कुणी?"

त्यानं खिशातनं लायसन काढून दाखवलं. एकीनंबी गाडीत पाय ठेवला न्हाई. सगळ्या स्टेशनाकडं चालत निघाल्या.

आता शेठ घरी माणसं धाडतोय. "मिटवून टाक," म्हणत्यात.

न्हाई मिटवायचं. मी आरटीओत माझं लायसन जमा केलंय, त्याचं आणि त्या डॉक्टरचं नावबी दिलंय. बोलवतील तितं जाईन, तोंडावर सांगीन. मी बरी व्हणार, लायसनबी परत घेणार. पर त्याच्या आधी शेठचं कंत्राट घालवणार. त्याच्या गाड्या शेडात गंजताना मला बघायच्यात.